मालनबाईची शेळी

मुकुंदवाडीत माझ्या तोंडाला कुणी लागत नाय. दळण घेऊन येणाऱ्या बाया आधी माझा चेहरा बघतेत, मग डबा खाली ठेवतेत. आई म्हणायची, "सुलेखा, गिरणी बंद पडंल एखादवेळी, तुझी जीभ नाय पडायची." आता आई नाय. आन् जिभेचं खरं काम पडलं त्या दिवशी ती टाळूला चिकटून बसली. त्याचंच सांगते.

आई म्हणजे मालनबाई. शहरातल्या एका प्रसूतिगृहात आया होती, केस पांढरे होईपर्यंत. माझं नवऱ्याशी पटलं नाय, मी परत आले, पिठाची गिरणी टाकली, आन् आम्ही दोघी मायलेकी राहत होतो. धाकटा भाऊ राजकुमार शेंद्र्याला कंपनीत हाय, बायकोलेकरांना घेऊन तिकडंच राहतो. मागच्या उन्हाळ्यात आईवरून वारं गेलं. उजवं अंग गेलं आन् वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. सगळं कळायचं, सांगता यायचं नाय. ह्यापेक्षा वाईट शिक्षा मला तरी दुसरी माहीत नाय.

आमच्या भिंतीला भिंत लावून रुक्सारचं घर. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. पुढं बाप गयासचाचा आंधळा झाला, त्याचं करता करता हिचं वय निघून गेलं. चाचा गेल्यावर घरात ती आन् शिलाईची मशीन, एवढंच उरलं. माझ्याहून वर्षाभरानं लहान. आम्ही एका ताटात जेवून मोठ्या झालो, एकमेकींच्या झिंज्या उपटून पण.

चार घरं सोडून मुनीब. मोटारी रिवाइंडिंगचं दुकान हाय त्याचं. बायको कोरोनात गेली, पोरगी जालन्याला दिली. तो आन् रुक्सार एकाच सालचे. तो जन्मला आन् त्याच्या आईला, अनवरीखालाला, टायफॉइड झाला. ती कितीतरी महिने दवाखान्यात, आन् मुनीब दादीच्या मांडीवर रडतोय. इकडं रुक्सारला आईच नाय. तवा आमच्या दारात शेळी होती. त्या शेळीचं दूध आईनं बोंडल्यानं दोघांना पाजलं आन् दोघं जगले. ही गोष्ट गल्लीत इतक्यांदा सांगितली गेली की शेळी पार पीर होऊन बसली. "मालनबाईच्या शेळीनं दोन लेकरं वाचवली." मुनीबला तर पोरं शाळेत "बकरी का बच्चा" म्हणून चिडवायची.

तर हे दोघं पन्नाशीला टेकले आन् खालानंच विषय काढला. मुनीबनं मान खाली घातली, रुक्सार आत पळाली. पन्नास वर्षांची बाई, आन् लाजून पाणी पाणी झाली! मला येऊन म्हणाली, "सुलू, लोक हसतील ना गं?" मी म्हणलं, "हसू दे की. ज्याला हसू येईल त्याला माझ्याकडं पाठव." तिच्या कपाटाच्या आरशावर धूळ असायची, ती तिनं पुसली. मी बघितलं, पण बोलले नाय. मला इतका आनंद झाला होता की चिडवायचंही सुचलं नाय.

मंगनी झाली तशी तिघं पेढे घेऊन आईच्या खाटेपाशी आली. खालानं आईच्या ओठाला पेढा लावला आन् म्हणाली, "मालन, तुझ्या बकरीनं दोघांना जगवलं, आता बघ, एकाच घरात चालले." सगळे हसले. खाला लई खुशीत होती. म्हणाली, "बकरी होती म्हणून बरं बाई. एका बाईचं दूध प्याले असते तर दूधशरीक झाले असते, सख्ख्या भाऊ-बहिणीगत. मग कुठला निकाह! आमच्यात एक घोट पुरतो."

आईनं पेढा थुंकून टाकला. डावा हात वर उचलला, घशातून घरघर काढली, आन् खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीकडं बोट करायला लागली. आम्ही घाबरलो. मग मीच म्हणलं, "अगं बया, नवरीला काहीतरी द्यायचं हाय तिला!" पेटी ओढली, उघडली. वरतीच हिरवं इरकल होतं, राजकुमारच्या लग्नातलं, घडीसुद्धा न मोडलेलं. मी ते रुक्सारच्या हातावर ठेवलं. आई मान हलवत राहिली आन् डोळ्यातून धारा. खालानं पदरानं तिचं तोंड पुसलं. "खुशीचे आसू," ती म्हणाली. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

त्यानंतर आईची नजर पेटीवरून हटेना. तिला त्रास होतो म्हणून मी पेटी उचलून माळ्यावर टाकली.

आई दिवाळीनंतर गेली. शेवटच्या अंघोळीला मी, भावजय आन् करमाडहून आलेली आत्या. रुक्सार पाण्याची घागर घेऊन आली तर आत्या म्हणाली, "घरच्याच बाया आत या." रुक्सारनं घागर उंबऱ्यात ठेवली आन् बाहेर उभी राहिली. त्या गडबडीत मला आत्याला झापायचं भान राहिलं नाय. निकाहची तारीख रुक्सारनं आपणहून पुढं ढकलली. "मालनमौशी गेली आन् मी मेंदी लावू?" म्हणाली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर राजकुमारनं माळ्यावरची पेटी काढली. लुगडी, आईची नोकरीतली पांढरी साडी, आन् तळाला एक जुनं झबलं, त्यात गुंडाळलेली काचेची बाटली.

बाटली म्हणायची खरी, पण असली बाटली मी जन्मात बघितली नव्हती. वीतभर लांब. एक तोंड रुंद, धोतऱ्याच्या फुलागत पसरलेलं. दुसऱ्या बाजूला बारीक नळी, तिला काळं काहीतरी वितळून चिकटलेलं. आन् मधेच खाली पोट सुटलेलं, लिंबाएवढं. जमिनीवर उभी राहीना, आडवी ठेवली की पोटावर डुलायची. पेला म्हणावा तर दोन्हीकडून उघडी. काचेत बारीक बुडबुडे होते, पण चीर एक नाय. कुणीतरी जिवापाड जपलेली.

"हुक्क्याचा भाग असंल," राजकुमार म्हणाला. भावजय लांबूनच म्हणाली, "करणीबिरणीचं तर नसंल ना? फेकून द्या." राजकुमार खवळला. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना गं आपण? वर फोटो कुणाचा हाय बघ जरा." तिनं वर बघितलं. पण पोरांना तिनं बाटलीजवळ जाऊ दिलं नाय ते नायच.

मला चैन पडंना. आईनं आयुष्यात काय जपून ठेवलं नाय. माझ्या बापाचा फोटोसुद्धा नाय. मग हे का? जुन्या बाजारात एका दुकानदाराला दाखवली. त्यानं उजेडात धरून फिरवली, अत्तर गाळायची असंल म्हणाला, नवाबाच्या वेळची. ठेवून जा म्हणाला. मी म्हणलं, "माझी आई बाळंतिणींची धुणी धुवायची, तिच्याकडं नवाबाचं अत्तर कुठून येईल रे बाबा?" आन् घेऊन आले.

मग मुनीब आला. निकाहची नवी तारीख सांगायला, पुढचा शुक्रवार. रुक्सार माझ्याकडंच बसलेली. मंगनी झाल्यापासून तो दाराबाहेरूनच खोकायचा, म्हणजे हिनं सावरून बसावं. खोकला ऐकला की हिची ओढणी थेट कपाळावर. लहानपणी एका टायरमागं पळालेली ही दोघं, आन् आता हे नखरे! मला हसू यायचं.

मुनीबनं बाटली हातात घेतली. यंत्रातला माणूस तो, त्याला गप्प बसवंना. नळीचं काळं नखानं खरवडून म्हणाला, "रबर हाय हे. इथं फुगा होता." दुकानातून रबराचा फुगा आणला, नळीला बसवला, रुंद तोंड आपल्या तळहाताला लावलं आन् फुगा दाबून सोडला. तळहाताची कातडी आत ओढली गेली. "बघ सुलेखा. इथून खेचतं, आन् जे येईल ते ह्या पोटात जमतं. दवाखान्याचं असंल. मौशी काय खेचत असंल हिच्यातून?" तो हसत होता. ओढणीआडून रुक्सारही हसली.

दवाखान्याचं म्हणल्यावर मला गोजरबाई आठवली. आईच्या प्रसूतिगृहातली जुनी नर्स. आता ऐंशीच्या पुढं, करमाडला लेकाकडं असते. दुसऱ्याच दिवशी गिरणीला कुलूप घातलं, मुकुंदवाडी स्टेशनावरून पॅसेंजर धरली आन् गेले.

गोजरबाई ओसरीवर तूर पाखडत बसलेली. डोळ्यांना फारसं दिसत नाय. "मालनची सुलेखा? ये गं बाई ये," म्हणाली, आईसाठी दोन टिपं गाळली. मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती बोटांनी चाचपली, आन् रुंद तोंड आपल्या छातीला लावून दाखवलं.

"दूध काढायची हाय ही," ती म्हणाली. "बाळंतिणीची छाती दाटायची, लेकरू दगावलेलं असायचं, तवा लावायचो आम्ही. पुढं नवी यंत्रं आली, ही कपाटात पडून होती. मालनला मीच दिली. अजून हाय व्हय तिच्यापाशी?"

"आईला कशाला दिली?" मी विचारलं.

"तुझ्या शेजारची दोन लेकरं नव्हती का? शेळीचं दूध पाजलं तर दोघांना हगवण लागली. पोटं खपाटीला गेलेली. तू तवा वर्षाची, अंगावरच होतीस. मालन म्हणाली, मी घेते त्यांना छातीला. तर तिकडं ती पोराची दादी तयार होईना, ह्या घरातल्या बाईच्या छातीला आमचं लेकरू कसं लावायचं म्हणून. आन् इकडं तुझी आजी! आपल्या लेकराच्या तोंडचं काढून दुसऱ्याला घालशील तर घराबाहेर काढीन म्हणाली. मग मालननं कुणाला विचारलंच नाय. दवाखान्याच्या न्हाणीघरात बसून दूध काढायची, फडक्यात गुंडाळून न्यायची आन् शेळीचं म्हणून बोंडल्यानं पाजायची. अनवरी दवाखान्यातून घरी येईपर्यंत. रुक्सारला तर दात येईपर्यंत. तुला भाकरी कुस्करून घालायची ती. मी म्हणायचे, मालन, तुझ्या पोरीचं काय? तर म्हणायची, माझी पोरगी रडती तर गल्ली गोळा होती, ती नाय मरायची."

एवढं बोलून गोजरबाई हसली. मला हसू आलं नाय. मी तिला निकाहचं सांगितलं. खालाचं बोलणं सांगितलं, पेटीकडं केलेलं बोट सांगितलं. ती पाखडायची थांबली. सूप खाली ठेवलं.

"आई गं," म्हणाली. बाटली माझ्याकडं सरकवली. "फोडून टाक. इथंच फोड. मी आज हाय उद्या नाय, माझ्या तोंडून जायचं नाय. दोन जीव आहेत, म्हातारपणाला एकमेकांना पाणी देतील. कुणाचं काय बिघडतंय?"

करमाडच्या स्टेशनावर बाकड्यावर बसले. समोर रूळ, खाली खडी. पिशवीत बाटली. नुसता हात सैल सोडला असता तर काम झालं असतं. आन् खरं सांगते, मी उठून रुळाच्या कडेपर्यंत गेले पण. आमच्या धम्मात ह्याला आडकाठी नाय. मुनीब काय रुक्सार काय, माझ्या लेखी दोन चांगली माणसं, सुखानं राहावीत. पण लग्न माझं नव्हतं. रुक्सार कधी नमाज चुकवत नाय. तिचं आन् तिच्या अल्लाचं जे काय हाय त्यात मी खोटं कसं पेरू? तिला कळलं नसतं, पण मला रोज भिंतीपलीकडून त्यांच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू आली असती.

आन् राग तर असा आला होता की डोळ्यांपुढं अंधारी यावी. पन्नास वर्षं! माझ्या आईच्या अंगातलं दूध, आन् पुण्य गेलं शेळीच्या खात्यावर. गल्लीनं शेळीचे गोडवे गायले आन् आई मान खाली घालून ऐकत राहिली. कुणाला एका शब्दानं बोलली नाय. आन् बोलायचं ठरवलं तवा वाचा नव्हती. बोट केलं, तर आम्ही लुगडं काढून दिलं. तिला तोंड नव्हतं. मला तर हाय ना?

गाडी आली. मी बाटली पोटाशी धरून चढले.

रुक्सार मशीनवर बसलेली. मांडीवर हिरवं इरकल. फॉल लावत होती. "हेच नेसणार हाय मी शुक्रवारी," म्हणाली. "खाला म्हणती शरारा घे, मी म्हणलं नाय, मालनमौशीनं दिलंय." मग माझ्याकडं बघितलं. "कळलं का काय हाय ती बाटली?"

मुकुंदवाडीला घाबरवणारी माझी जीभ. एक शब्द फुटंना. मी बाटली काढली आन् गोजरबाईनं केलं तसं रुंद तोंड छातीला लावलं. मग कसंबसं म्हणलं, "शेळीचं नव्हतं गं रुक्सार. आईचं होतं."

मशीनचं चाक तिच्या हाताखाली थांबलं. ती शहाणी हाय, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाय.

"मुनीबला पण?"

"व्हय."

"एकदाच का..."

"पुष्कळ महिने. तुला दात येईपर्यंत."

तिनं सुई काढून रिळात खोचली. इरकलाची घडी घालायला लागली, काठाला काठ जुळवून. अर्ध्यात थांबली. "मौशी त्या दिवशी पेटी दाखवत होती," म्हणाली. "लुगडं नव्हतं द्यायचं तिला."

मला राहवलं नाय. तिचे दोन्ही हात धरले. "रुक्सार, मला आन् गोजरबाईलाच माहीत हाय. तू म्हण फक्त. आत्ता दगडावर आपटते आन् मरेपर्यंत तोंड उघडत नाय. माझी शपथ."

"तू नाय उघडणार, मला माहीत हाय," ती म्हणाली. "पण आता मला कळलं ना सुलू. मी कुठं जाऊ?"

आन् मग ती रडली. मला वाटलं मुनीबसाठी रडायली. असंलही. आरसा पुसला होता तिनं, मी बघितलं होतं. पण तोंडातून जे निघालं ते वेगळंच. "मला आई नाय, आई नाय, जन्मभर सांगत आले मी लोकांना," हुंदके देत म्हणाली. "आन् ती भिंतीपलीकडं होती. मला हाक मारत होती रोज. तिच्या शेवटच्या अंघोळीला मी दाराबाहेर उभी राहिले, सुलू. घरची नाय म्हणून. एक तांब्या पाणी नाय घातलं मी तिच्या अंगावर."

मी तिला जवळ घेतलं. मी पण रडले. आई गेली त्या दिवशी रडले नव्हते तेवढी रडले. दोघींच्या मधे ती बाटली रुतत होती, तरी कुणी ती बाजूला केली नाय.

बाहेर कुणीतरी खोकलं. मुनीब. शुक्रवारचं काहीतरी विचारायला आला असणार. रुक्सारनं डोळे पुसले. हात सवयीनं ओढणीकडं गेला, ओढणी कपाळापर्यंत आली, आन् हात तिथंच थांबला. मी बघत होते. तिनं ओढणी हळूच मागं घेतली आन् खांद्यावर सोडून दिली.

"बाहेर का उभा राहिला?" ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण थांबला नाय. "आत ये, मुनीबभाई. आपल्या आईचं सांगायचं हाय."